क्वार्क मिक्सिंगच्या हिशोबात सोळा पैसे कमी पडतात. त्यामागे नवं भौतिकशास्त्र आहे का?

प्रश्न असा आहे: "क्वार्क मिक्सिंगच्या वेगवेगळ्या मोजमापांत तफावत येते, बेरीज एक व्हायला हवी ती होत नाही, असं वाचलं. ही नव्या भौतिकशास्त्राची खूण समजायची की प्रयोगातली गफलत? माझं फिजिक्स बीएस्सीपर्यंतचं आहे, त्या बेतानं सांगा."

तुम्ही वाचलंय त्यात बहुधा दोन वेगळ्या तफावतींची खिचडी झालेली आहे. एक पहिल्या ओळीच्या बेरजेची, म्हणजे अप क्वार्कची. दुसरी बॉटम क्वार्कची. (क्वार्क म्हणजे प्रोटॉन-न्यूट्रॉन ज्यांचे बनतात त्या कुळातले मूलकण; अप, डाऊन, स्ट्रेंज, चार्म, बॉटम ही त्यांच्या प्रकारांची नावं.) दोन्हींचं दुखणं वेगळं आणि माझं मतही दोन्हींबद्दल वेगळं आहे. माझं पीएचडीचं काम बी-मेसॉनवर, म्हणजे बॉटम क्वार्क असलेल्या कणांवर, होतं (आता कॉलेजात शिकवते), त्यामुळे दुसरीशी माझा संबंध जास्त आला. तरी पैज लावायचीच झाली तर मी पहिलीवर लावीन, आणि तीही बेताच्या रकमेची.

आधी बेरीज कसली ते बघू. क्षीण बलाचा वाहक डब्ल्यू बोसॉन हा एका क्वार्कचं दुसऱ्यात रूपांतर करतो. अप क्वार्क त्याच्या जोडीदार डाऊनमध्येच बदलतो असं नाही. काही प्रमाणात स्ट्रेंजमध्ये आणि अगदी नावापुरता बॉटममध्येही बदलतो. निकोला काबिबोनं १९६३ साली डाऊन आणि स्ट्रेंजचं हे मिश्रण एका कोनात बसवलं. तो साधारण १३ अंशांचा आहे. पुढे १९७३ मध्ये कोबायाशी आणि मास्कावा यांनी क्वार्कच्या तीन पिढ्या गृहीत धरून तीन बाय तीनचा मॅट्रिक्स मांडला, तोच सीकेएम (तिघांच्या आडनावांची आद्याक्षरं). त्या वेळी तिसऱ्या पिढीतला एकही क्वार्क सापडलेला नव्हता, हे लक्षात घेतलं की त्या पेपरचं धाडस कळतं. २००८ च्या नोबेलमध्ये कोबायाशी-मास्कावा होते, काबिबो नव्हता. इटलीतल्या मंडळींना ते अजून खुपतं, आणि माझ्या मते रास्तच खुपतं.

या मॅट्रिक्सच्या प्रत्येक ओळीतल्या तीन आकड्यांच्या वर्गांची बेरीज एक यायला हवी. पहिली ओळ अपची: अप क्वार्क डब्ल्यूमार्फत कुठेतरी जाणार आणि जायला तीनच जागा आहेत. त्या तिन्हींच्या शक्यता मिळून पूर्ण एक. याला युनिटॅरिटी म्हणतात. स्टँडर्ड मॉडेलमध्ये, म्हणजे मूलकणांच्या आजच्या प्रस्थापित सिद्धांतात, यात हातचा राखायला वाव नाही.

आता शंभर रुपयांचा हिशोब मांडा. पार्टिकल डेटा ग्रुपच्या २०२४ च्या आकड्यांनुसार व्ही-यूडी (मॅट्रिक्समधला अप-डाऊनचा आकडा) ०.९७३६७ आहे, त्याचा वर्ग केला की डाऊनच्या नावे ९४ रुपये ८० पैसे. व्ही-यूएस ०.२२४३, म्हणजे स्ट्रेंजच्या नावे ५ रुपये ३ पैसे. बॉटमसाठीचा व्ही-यूबी ०.००३८, त्याचा वर्ग इतका बारीक की वाट्याला पैशाचा सातवा भागही जेमतेम येतो. बेरीज ९९ रुपये ८४ पैसे. सोळा पैसे कमी. मोजमापातली अनिश्चितता सात पैशांची. म्हणजे तूट सव्वादोन सिग्माच्या आसपास (एक सिग्मा म्हणजे ती अनिश्चितता). निव्वळ योगायोगानं अशी तूट पन्नासात एकदा दिसू शकते. या क्षेत्रात शोध जाहीर करायला पाच सिग्मा लागतात. एवढंच असतं तर मी हे उत्तर लिहायला बसले नसते.

खरी गंमत त्या पाच रुपये तीन पैशांच्या आत आहे. तो आकडा दोन वेगळ्या मार्गांनी काढतात आणि मग सरासरी घेतात. पहिला मार्ग: केऑनचा, म्हणजे स्ट्रेंज क्वार्क असलेल्या कणाचा, ऱ्हास होऊन पायॉन (अप-डाऊनचा हलका कण), एक लेप्टॉन (इलेक्ट्रॉन किंवा त्याचा जड भाऊ म्युऑन) आणि न्यूट्रिनो बाहेर पडतात. त्यावरून व्ही-यूएस ०.२२३ च्या जरा वर येतो. दुसरा मार्ग: केऑन थेट म्युऑन आणि न्यूट्रिनोत फुटतो, त्याची पायॉनच्या तशाच ऱ्हासाशी तुलना करतात. त्यावरून ०.२२५. दोन्ही मार्गांत लॅटिस क्यूसीडीची गणितं लागतात, म्हणजे क्वार्क आणि त्यांना बांधून ठेवणारे ग्लुऑन यांचं अवकाश-काळाच्या जाळीवर, सुपरकॉम्प्युटर लावून केलेलं गणित. ही गणितं आता टक्क्याच्या पाचव्या भागापर्यंत अचूक झाली आहेत, म्हणून तर ०.२२३ आणि ०.२२५ यांतला फरक डोळ्यात भरतो. वीस वर्षांपूर्वी तो एरर बारमध्ये विरघळून गेला असता.

आणि तिसरा मार्ग: केऑनकडे पाहायचंच नाही. अणुकेंद्रकांच्या बीटा ऱ्हासावरून व्ही-यूडी घ्यायचा, बेरीज एक आहे असं मानायचं आणि उरलेलं स्ट्रेंजच्या नावे टाकायचं. मग व्ही-यूएस येतो ०.२२८. काबिबोचा कोन एकच, आणि त्याची उत्तरं तीन: ०.२२३, ०.२२५, ०.२२८. टाऊ लेप्टॉनच्या ऱ्हासांवरून काढलं तर ०.२२३ च्याही खाली जातं, पण त्या पद्धतीवर माझा तितका विश्वास नाही, ते बाजूला ठेवते. "काबिबो कोनाची विसंगती" या नावानं जे काही वाचायला मिळतं ते या तीन आकड्यांबद्दल असतं.

आता यातला कुठला आकडा कच्चा असू शकेल? माझा पहिला संशय अणुकेंद्रकांवर. व्ही-यूडी मोजण्यासाठी काही खास बीटा ऱ्हास वापरतात, ज्यांत केंद्रकाचा स्पिन आधीही शून्य आणि नंतरही शून्य असतो. कार्बन-१० पासून रुबिडियम-७४ पर्यंत असे पंधरा ऱ्हास फार बारकाईनं मोजलेले आहेत. हार्डी आणि टाऊनर या दोघांनी अक्षरशः अनेक दशकं ही मोजमापं गोळा केली, त्यांतली न जुळणारी वेगळी काढली, प्रत्येक केंद्रकासाठी दुरुस्त्या लावल्या. त्या लावल्यावर पंधराही ऱ्हास एकच उत्तर देतात. प्रायोगिक भौतिकशास्त्रात इतकं नेटकं काम क्वचित दिसतं.

पण सगळं घोडं त्या दुरुस्त्यांपाशी पेंड खातं. बीटा ऱ्हास होताना एक फोटॉन आणि एक डब्ल्यू मिळून क्षणभराचा फेरा करतात आणि ऱ्हासाचा वेग सुमारे अडीच टक्क्यांनी बदलतो. अडीच टक्के म्हणजे शंभरात अडीच रुपये. आपण सोळा पैशांसाठी भांडतोय. ही दुरुस्ती २००६ मध्ये मार्सियानो आणि सिरलिन यांनी २.३६ टक्के काढली होती. २०१८ मध्ये सेंग, गोर्श्टाइन, पटेल आणि रॅम्झी-मुसोल्फ यांनी नव्या पद्धतीनं केली, ती २.४७ टक्के निघाली. फरक जेमतेम टक्क्याच्या दहाव्या भागाचा, पण आपल्या हिशोबात ते दहा पैसे होतात. २०१८ पर्यंत तूट सहा पैसे होती आणि अनिश्चितता पाच पैसे. कुणी ढुंकून पाहत नव्हतं. तूट सोळा पैशांवर आली ती मुख्यतः या एका गणितामुळे. कुठल्या प्रयोगात नवं काही दिसलं म्हणून नव्हे. हे बातम्यांत येत नाही, आणि मला वाटतं संपूर्ण प्रकरणात सर्वांत आधी सांगायला हवी ती हीच बाब.

म्हणून गणित चुकलं म्हणायचं का? तसंही दिसत नाही. मार्सियानो आणि सिरलिन यांनीच झारनेकींबरोबर पुन्हा हिशोब केला, त्यांचाही आकडा वर सरकला, जरा कमी सरकला एवढंच. पुढे लॅटिसवरच्या गणितानंही तोच कल दाखवला. म्हणजे दुरुस्ती वाढली हे पक्कं, किती वाढली यावर थोडी ओढाताण. त्यानंतर दुसरा प्रश्न उभा राहिला. हा फोटॉन-डब्ल्यूचा फेरा सुट्या न्यूट्रॉनमध्ये होणं वेगळं आणि केंद्रकाच्या गर्दीत होणं वेगळं. तो परिणाम नीट धरला की अनिश्चितता वाढते. पाच पैशांचे सात झाले ते त्यामुळे. हलक्या केंद्रकांसाठी, विशेषतः कार्बन-१० साठी, हे गणित आता मुळापासून करण्याचा प्रयत्न चालू आहे. मला सर्वांत जास्त उत्सुकता त्याचीच आहे, जरी वर्तमानपत्रात त्याला मथळा मिळणार नसला तरी.

केंद्रकांची भानगड टाळायची तर सुटा न्यूट्रॉन घ्यावा. तिथे दोन गोष्टी लागतात: न्यूट्रॉनचं आयुष्य आणि त्याच्या ऱ्हासातला अक्षीय जोर, म्हणजे स्पिनवर अवलंबून असलेल्या भागाची ताकद. आयुष्याबाबत तर आणखीच मोठा घोळ. लॉस अलामोसच्या यूसीएन-टाऊ प्रयोगानं थंड न्यूट्रॉन चुंबकी कुंडात साठवून २०२१ मध्ये ८७७.७५ सेकंद हे उत्तर दिलं. न्यूट्रॉनच्या झोतावर मोजणाऱ्या अमेरिकेतल्या निस्टच्या प्रयोगाचं २०१३ चं उत्तर ८८७.७ सेकंद. दहा सेकंदांचा फरक, आणि दोन्ही बाजू आपापल्या जागी ठाम. कुंडातलं आयुष्य आणि ग्रेनोबलच्या पर्किओ-३ चा अक्षीय जोर धरला तर व्ही-यूडी ०.९७४ येतो, थोडा जास्त. त्यानं तूट कमी होते, पण अनिश्चितता केंद्रकांपेक्षा मोठी असल्यानं निकाल लागत नाही.

आता एक जुनी हकीकत, कारण ती माहीत असल्याशिवाय या विषयावर मत बनवू नये. २००२ च्या सुमाराला हीच बेरीज याहूनही कमी भरत होती. तीस-चाळीस पैशांची तूट, सिग्मा साधारण आजच्याइतकेच. तेव्हाही नव्या भौतिकशास्त्रावर पेपर निघाले. मग ब्रूकहेवनच्या ई-८६५ या प्रयोगानं २००३ मध्ये केऑनचा पायॉनवाला ऱ्हास नव्यानं मोजला, पाठोपाठ फर्मीलॅबच्या केटेव्हनं २००४ मध्ये, आणि व्ही-यूएस ०.२२० वरून ०.२२५ च्या घरात गेला. सत्तरच्या दशकातली जुनी मोजमापंच कमी निघाली. बेरीज पुन्हा एकाला जाऊन भिडली आणि ते पेपर कपाटात गेले. त्या वेळी दोष स्ट्रेंजच्या खात्यात होता. आज बहुतेकांची बोटं डाऊनच्या खात्याकडे आहेत, पण स्ट्रेंजचं खातं तपासून झालंय असं मी म्हणणार नाही; कारण पुढे येतं.

समजा मोजमापं बरोबर आहेत, गणितंही बरोबर आहेत. मग काय असू शकेल? सर्वांत सरळ कल्पना अशी की अप क्वार्कला जायला चौथी जागा आहे. सोळा पैशांचं वर्गमूळ काढलं तर त्या चौथ्या क्वार्कशी अपचं मिश्रण ०.०४ येतं, बॉटमशी असलेल्या मिश्रणाच्या दहापट. आपल्या तीन पिढ्यांसारखी चौथी पिढी हिग्जच्या मोजमापांनंतर चालत नाही. पण व्हेक्टर-लाइक नावाचे क्वार्क चालू शकतात, ज्यांचे डावे आणि उजवे असे दोन्ही भाग क्षीण बलाला सारखेच प्रतिसाद देतात. बेलफात्तो, बेराड्झे आणि बेरेझियानी यांनी २०१९ मध्ये हा मुद्दा नीट मांडला. ०.०४ इतकं मोठं मिश्रण हवं तर हा क्वार्क काही टेव्हपेक्षा (एक टेव्ह म्हणजे साधारण हजार प्रोटॉनांचं वस्तुमान) जड असू शकत नाही, म्हणजे जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेतल्या एलएचसी या कणांची टक्कर घडवणाऱ्या यंत्राच्या टप्प्यात किंवा जेमतेम बाहेर. एलएचसीला तो अजून दिसलेला नाही. शिवाय असा क्वार्क आला की क्षीण बलाचा दुसरा वाहक झेड बोसॉन डाऊनला थेट स्ट्रेंजमध्ये बदलू लागतो, जे स्टँडर्ड मॉडेलमध्ये जवळपास बंद आहे. ते किती बंद आहे हे सर्नचा एनए-६२ प्रयोग मोजतो: केऑनमधून पायॉन आणि दोन न्यूट्रिनो, साधारण आठशे कोटी केऑनांत एकदा. २०२४ मध्ये त्यांनी हा ऱ्हास पाच सिग्माच्या पुढे जाऊन पाहिला. आकडा अपेक्षेपेक्षा थोडा वर आहे, पण अनिश्चितता धरली तर अपेक्षेशी जुळणाराच म्हणावा लागेल. चौथ्या जागेला त्यामुळे फार ऐसपैस वाव उरत नाही.

दुसरी कल्पना मला अधिक देखणी वाटते. क्षीण बल फक्त डावखुऱ्या कणांवर (ढोबळमानानं, ज्यांचा स्पिन गतीच्या उलट दिशेला असतो) चालतं असं आपण शिकतो. त्यात किंचित उजवा अंश मिसळला तर? क्षीण बलाचे दोन भाग धरतात, व्हेक्टर आणि अक्षीय. पायॉनवाला ऱ्हास व्हेक्टर भागावर चालतो. तिथे डावा आणि उजवा अंश यांची बेरीज दिसते. थेट म्युऑनवाला ऱ्हास अक्षीय भागावर. तिथे वजाबाकी दिसते. म्हणजे एकाच खऱ्या किमतीच्या एका बाजूला ०.२२३ आणि दुसऱ्या बाजूला ०.२२५ असं आपोआप मिळतं! चौथ्या जागेनं केऑनमधला हा आपसातला फरक समजत नाही, उजव्या अंशानं समजतो. तोच प्रकार डाऊनमध्येही असेल तर केंद्रकांचा आकडाही बसतो. व्हेक्टर-लाइक क्वार्क जोडीनं आले तर असा उजवा अंश तयारही करतात.

तिसरी कल्पना क्वार्कांना निर्दोष ठरवते. वरचे सगळे आकडे फर्मी स्थिरांकानं (क्षीण बलाची ताकद सांगणारा आकडा) भागून काढलेले आहेत आणि तो स्थिरांक येतो म्युऑनच्या आयुष्यावरून. म्युऑनच्या ऱ्हासातच काही नवं असेल तर भाजकच चुकला, आणि बेरीज कमी भरणारच. क्रिवेलिन आणि होफरिष्टर यांनी या बाजूनं बरंच लिहिलं आहे. अडचण अशी की फर्मी स्थिरांक हलवला की डब्ल्यूचं वस्तुमान, झेडची मोजमापं, सगळंच हलतं. आणि केऑनचे दोन आकडे तरीही आपसात भांडतच राहतात.

आता दुसरी तफावत, बॉटमची. ही मी भराभर संपवते. व्ही-सीबी, म्हणजे चार्म-बॉटमचा आकडा, दोन प्रकारे काढतात. बॉटम क्वार्क चार्ममध्ये बदलला असे सगळे ऱ्हास एकत्र मोजले की ०.०४२२ येतो, डी किंवा डी-स्टार मेसॉन (चार्म असलेले कण) निघालेले ठरावीक ऱ्हास वेचून मोजले की ०.०३९८. व्ही-यूबीचंही तसंच: सगळे मिळून ०.००४१, वेचून ०.००३७. हे भांडण बाबर आणि बेल या प्रयोगांच्या काळापासून चालू आहे. इथे नवं भौतिकशास्त्र असल्याची शक्यता मी जवळपास शून्य धरते. उजव्या अंशाची कल्पना इथेही लावून झाली. पण २०१५ मध्ये एलएचसीवरच्या एलएचसीबी प्रयोगानं लॅम्डा-बी या बेरिऑनच्या ऱ्हासावरून व्ही-यूबी काढला, तो उजव्या अंशानं दिलेल्या दिशेला गेलाच नाही. डी-स्टारच्या ऱ्हासाची लॅटिसवरची गणितं तीन गटांनी केली आहेत आणि त्यांचं एकमेकांशीच पूर्ण जुळत नाही. घरातलं भांडण मिटलेलं नसताना शेजाऱ्यावर संशय कशाला घ्यायचा? जपानमधल्या त्सुकुबाचा बेल-२ हे प्रकरण मार्गी लावेल असं वाटतं. मुंबईच्या टीआयएफआरचा गट तिथे आहे. टक्करबिंदूजवळच्या सिलिकॉन डिटेक्टरचा एक अख्खा थर त्यांनी बांधला. तेव्हा या मोजमापात कुलाब्याचाही हात आहे.

प्रयोगातली गफलत की नवं भौतिकशास्त्र, असं तुम्ही विचारलंत. पहिल्या ओळीच्या तुटीतला बराचसा भाग केंद्रकांच्या दुरुस्त्यांत विरघळेल असा माझा अंदाज आहे. केऑनच्या दोन आकड्यांमधला फरक मात्र त्या दुरुस्त्यांना बांधील नाही; तिथे केंद्रक येतच नाही. आणि इथेच स्ट्रेंजच्या खात्याबद्दलची ती शंका. थेट म्युऑनवाल्या ऱ्हासाचं प्रमाण आज मुख्यतः एकाच प्रयोगावर उभं आहे, इटलीतल्या फ्रास्कातीचा क्लोए, २००६. एका खांबावर एवढा मंडप! एनए-६२ कडे केऑनांचा ढीग आहे. त्यांनी दोन्ही ऱ्हास एकाच यंत्रात मोजून फक्त गुणोत्तर टक्क्याच्या पाचव्या भागाइतक्या अचूकतेनं दिलं, तर बऱ्याच शंका एका झटक्यात मिटतील. काही सिद्धांतकारांनी २०२२ मध्ये हीच मागणी लेखी मांडली आहे. गुणोत्तर सरकून दोन्ही आकडे एकत्र आले तर २००४ ची पुनरावृत्ती समजायची. सरकलं नाही, फरक तसाच राहिला, तर मात्र उजव्या अंशावरची माझी पैज मी वाढवीन.

कमेंटमध्ये कुणी "आर-केचं काय?" असं विचारणारच, म्हणून आधीच सांगते: ती वेगळी विसंगती होती (बी-मेसॉनचा ऱ्हास म्युऑन आणि इलेक्ट्रॉन यांच्यात सारखाच होतो का, याबद्दलची), मिक्सिंगशी थेट संबंध नव्हता, आणि एलएचसीबीनं डिसेंबर २०२२ मध्ये ती स्वतःच मिटवली.